सोळाशेचा कौल

खंडेनवमीला गॅरेजात पान्यांशेजारी पाटावर यंदा इंजिनाच्या पोटात फिरणारे दोन दांडे, क्रँक, मांडले होते. एकाने आमच्या रॅलीच्या गाडीचं तेराशे सीसीचं इंजिन पंधराशेचं झालं असतं, दुसऱ्याने सोळाशेचं. पण सोळाशेचा मोठा क्रँक मावायला इंजिनाचा ओतीव सांगाडा, म्हणजे ब्लॉक, आतून घासावा लागणार होता. भोक पडलं तर भंगार, आणि तसला ब्लॉक आता कुठे मिळत नाही.

"पंधराशे पुरे," आई महिनाभर बजावत होती. मला सोळाशेच हवं होतं. जन्मभर इंजिनं बांधलेले अण्णा मात्र "देवालाच विचारू की" म्हणून मोकळे झाले. सकाळीच दोन चिठ्ठ्या लिहून त्यांनी पूजेच्या ताटात ठेवल्या.

आरती झाल्यावर आईने डोळे मिटून एक उचलली आणि वाचली, "सोळाशे!"

मी गॅरेजभर नाचले. "देवापुढं आपण काय बोलणार," म्हणत अण्णांनी गंभीरपणे हात जोडले. नाचता नाचता मी दुसरी चिठ्ठी उघडली. तिच्यावरही अण्णांच्याच अक्षरात सोळाशे! मी ती गपकन मुठीत दाबली.

"लपवू नको," निरांजनाची वात सारखी करत आई म्हणाली. "हे फुलं आणायला गेले तेव्हाच वाचल्यात मी दोन्ही."

अण्णांचा चेहरा पडला. "मग बोलली का नाहीस?"

"सत्तावीस वर्षांच्या संसारात तुम्ही देवापुढं कधी लबाडी केली नाही. आज केलीत, म्हणजे ब्लॉक टिकणार, एवढी तुमची खात्री आहे. पण पहिली चक्कर माझी."

आणि तिने गाडीची किल्ली कमरेला खोचली.