मध्येच दाद

रायपूर राजधानी झालं त्याच वर्षी पद्मजाबाईंचे यजमान गेले. "विलायती संगीतात मध्येच दाद देत नसतात," म्हणून त्यांनी बायकोला चाळीस वर्षं गप्प बसवलं होतं. आता बाई त्यांचीच पंचावन्न सालची ऑर्केस्ट्राची तबकडी लावून खुशाल "वाहवा!" म्हणत.

म्हटलं, की तबकडीतून कुणीतरी "शूऽऽ" करी.

"आई, वो तो रिकॉर्डिंग में है," लेक अनुश्री हसली.

"मग मी गप्प राहिली की काहून येत नाही?"

दोघी गप्प बसल्या. आलं नाही.

"बंद कर दो, आई."

"बंद तर माझं तोंड होतं, इतके वर्ष!" बाईंनी आवाज वाढवला. "वाहवा!"

सगळी वाद्यं थांबली. तबकडी फिरतच होती. तिच्यातल्या सभागृहात कुणीतरी खुर्ची मागे सारली, आणि बुटांची पावलं जवळ येऊ लागली.

"ये," बाई पदर खोचून म्हणाल्या, "मी इथंच बसून आहे."