वायरलेसवाला दोषी आहे का?

पडद्यावर शेवटची अक्षरं आली, हॉलमधले दिवे लागले आणि रुपाली दामल्यांनी माइकवर दोनदा टकटक केली. "कुणीही वड्यांकडे पळायचं नाही हं! आधी मतं, मग वडे."

डोंबिवलीच्या त्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मतांना काय तोटा! महिन्यातून एका रविवारी सकाळी सिनेमा, आणि सिनेमापेक्षा चर्चा लांब. आजचा सिनेमा जुना, ब्लॅक अँड व्हाइट, लढाईच्या काळातल्या हेरांचा. शत्रूच्या गावात चोरून वायरलेस चालवणारा एक तरुण पकडला जातो. तीन दिवस मार खातो आणि चौथ्या दिवशी आपला जोडीदार कुठे लपलाय ते सांगून टाकतो. जोडीदाराला गोळी घालतात. हा मात्र सुटतो, घरी येतो, लग्न करतो. संपलं.

"मी स्पष्ट बोलतो," रवींद्र सबनीस उठले. हे घोडबंदर रोडच्या टॉवरमधून गाडीने यायचे, आणि आज ट्रॅफिकमुळे मध्यंतरानंतर टेकले होते. मार खाण्याचा सगळा भाग त्यांचा हुकला होता. "हा माणूस पळपुटा आहे. देशापेक्षा स्वतःची कातडी प्यारी!"

"मी असतो ना, जीभ तोडून टाकली असती, पन नाव नसतं दिलं," शहाडचे काळुराम पाटील म्हणाले. काळुरामांना इंजेक्शन द्यायचं तर दोघांनी धरावं लागतं, पण ते सोडा. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या रांगेच्या कडेला, चाकाच्या खुर्चीत शिवराम कदम बसले होते, शेजारी बायको मंजुळा.

एकाहत्तरच्या लढाईत शिवराम वायरलेसवर होते. पकडले गेले तेव्हा वय बावीस. त्यांनी तर तीन दिवसही काढले नव्हते. दुसऱ्याच रात्री सांगून टाकलं होतं, आपला जोडीदार दगडू साळवी सेट घेऊन कुठल्या विहिरीत दडलाय ते. दगडू परत आला नाही, शिवराम आले. पन्नास वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. मंजुळा दर सव्वीस जानेवारीला दगडूभावजींच्या फोटोला हार घालायची, आणि हे दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.

आणि आज, बघा, आज सांगावंसं वाटलं. या सबनीसांना सांगायचं होतं, की बाबा रे, पहिल्या दिवशी माणूस देशाचा विचार करतो, दुसऱ्या दिवशी फक्त पाण्याचा. बस खाली. तो वायरलेसवाला मीच.

पण सांगणार कसं? वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तो उजवी बाजू घेऊन गेला, आणि बोलणंही घेऊन गेला. डोक्यात वाक्यंच्या वाक्यं तयार, तोंडात मात्र एकच शब्द उरलेला, 'मंगळवार'. भूक लागली तरी मंगळवार, राग आला तरी मंगळवार. डॉक्टर म्हणाले, होतं असं. लिहायला दिलं तर डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या.

"मंगळवार!" शिवराम ओरडले.

"शिवरामरावांना बोलायचंय!" रुपालीताई माइक घेऊन धावल्या. मनाची फार चांगली बाई. शिवरामांनी ओठ जुळवले, कपाळावर घाम आला. मी. नुसतं 'मी' जरी आलं असतं तरी पुरलं असतं. "मं... मंगळवार. मंगळवार. मंगळवार!" आणि ढसाढसा रडायलाच लागले.

"भरून आलंय त्यांना," मंजुळा पदराने त्यांचं तोंड पुसत म्हणाली. "फौजेतले ना! असलं काही बघितलं की जुनं सगळं आठवतं."

पुन्हा टाळ्या, या वेळी शिवरामांसाठी. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळाचा रिवाज असा, की शेवटी एक प्रश्न विचारायचा आणि हात वर करून निकाल लावायचा. मागच्या महिन्याच्या सिनेमातल्या, सासूला वृद्धाश्रमात ठेवणाऱ्या सुनेला त्यांनी सत्तावीस विरुद्ध चार असं दोषी ठरवलं होतं.

"तर वायरलेसवाला दोषी आहे असं कुणाकुणाला वाटतं? हात वर!"

हात भराभर वर गेले. मंजुळेनेही केला. मग तिच्या लक्षात आलं, यांचं मत राहिलं. तिने वाकून शिवरामांचा लुळा उजवा हात मनगटाला धरला आणि उचलला. "अहो, तुमचं मत काय विचारायला हवं का मला?"

शिवरामांनी नकाराची मान हलवली, जोरजोरात हलवली. पण मान त्यांची हल्ली उगाचही हलायची. शेवटी तिला थांबवायला म्हणून त्यांनी डावा, धड हात उचलला.

"अरे वा, शिवरामरावांचे तर दोन्ही हात!" सबनीस म्हणाले. सगळा हॉल हसला.

"मत एकच धरणार हं," रुपालीताईही हसल्या आणि पहिल्या रांगेपासून सावकाश मोजत निघाल्या. मंजुळेचा दंड भरून आला होता, तरी मोजणी संपेपर्यंत तिने तो हात खाली येऊ दिला नाही.