सरळ वीण

लाल फितीतली किल्ली मालकीणबाईंनी एलिएसेरच्या गळ्यात घातली आणि निकानोरच्या अंगाचा तिळपापड झाला.

कालचा आलेला माणूस, आणि मुकादम! निकानोर इतकी वर्षं याच बाकावर बसून झुलत्या खुर्च्यांना वेत विणत होता. मुकादमकी आपलीच, असं त्यानं बायकोला सांगूनही टाकलं होतं. नदीवरच्या बोटी बंद पडल्यापासून मोम्पोसमध्ये गावात दुसरं काम तरी कुठे होतं?

मालकीण एर्मेलिंदा जन्मांध; सगळे त्यांना ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणत. वडिलांचा सगळा पैसा त्यांनी या कारखान्यात घातला होता, आंधळ्या माणसाला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. नियम एकच. ज्याला दिसतं, त्याला इथे काम नाही. डोळसांना अख्खं गाव मोकळं आहे, असं त्या म्हणायच्या.

आत्ता त्या एलिएसेरची कॉलर सारखी करत हसत होत्या. निकानोरसाठी कधी हसल्या होत्या अशा? आणि तो नवरदेवासारखा लाजत उभा! सोन्याचा दात काय, इस्त्रीचा सदरा काय! निकानोरला ते बघवेना. त्यानं काळा चष्मा नाकावर घट्ट बसवला.

“दोन्या, हा लबाड आहे! याला दिसतं!”

सगळ्यांचे हात थांबले.

“कशावरून रे, निकानोर?” दोन्यांनी विचारलं.

“याची वीण चाचपा ना! एक पट्टी इकडची तिकडे नाही. इतकं सरळ काम डोळ्यांशिवाय होतं होय?”

“का रे बाबा,” कोपऱ्यातून म्हातारी तुलिया म्हणाली, “आम्ही काय आजवर वाकडं विणत आलो?”

हशा पिकला. निकानोर आणखीच पेटला.

“हसा, हसा! पण नियम म्हणजे नियम. दिसत असेल तर त्याला घालवणार की नाही, तेवढं सांगा, दोन्या!”

दोन्या बाकांकडे वळल्या.

“खरंय. नियम म्हणजे नियम. एलिएसेर, बस जागेवर. सगळेच बसा आणि विणायला घ्या. तुलिया, खिडक्यांची दारं लाव. सगळी. कड्या घाल.”

जाडजूड लाकडी दारं होती ती. निकानोर बाकावरून अर्धवट उठला.

“जाऊ दे ना, दोन्या. माझंच चुकलं असेल. उगाच सगळ्यांचा खोळंबा...”

“आता का? बस.”

शेवटची कडी बसली. ओला वेत खुर्च्यांच्या भोकांतून सर्रसर्र ओढला जाऊ लागला. तुलिया गुणगुणायला लागली. एलिएसेरचा हात तर नेहमीपेक्षाही भरभर चालला होता. त्याच्या गळ्यातली किल्ली खुर्चीच्या लाकडावर टकटक वाजत होती.

दोन्या बाकांमधून सावकाश चालल्या, प्रत्येकापाशी कान देत. एका खुर्चीपाशी त्या थांबल्या. तिथे वेत वाजत नव्हता. नुसतीच बोटं लाकडावर भोक शोधत फिरत होती.

त्यांनी निकानोरच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुलिया,” दोन्या म्हणाल्या, “एक खिडकी उघड गं. आपल्यातल्या एकाला दिसत नाहीये.”