जड गाडी

आहे ती पिकअप ठेवावी, की डोंगरातल्या कच्च्या वाटांवर फिरायला जड डिझेल पिकअप घ्यावी, यावर महिनाभर माझं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. बायको म्हणाली, “आहे ती काय वाईट आहे?” मी नाद सोडणारच होतो, तेवढ्यात आई शोरूमचं माहितीपत्रक घेऊन शेजारी येऊन बसली.

“घेऊन टाक रे जड गाडी. बाबा गेले त्या दिवशी तुझी गाडी चिखलात रुतली नसती, तर वेळेवर पोचला असतास. शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होते. तुझा काय दोष? गाडीच हलकी पडली.”

.

.

त्या दिवशी गाडी कुठेच रुतली नव्हती, आईचा फोन ठेवून मी मित्रांना म्हणालो होतो, “एवढा एक चढ मारतो, मग निघतो.”