गाडीनं पाहिलेला फोटो

हिंगोलीहून वारंगा फाट्याकडे निघालेल्या एसटीत पुनम खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावरच्या हरीशनं मान वळवली, हातातला मोबाईल तिच्याकडे रोखला आणि बटण दाबलं. खट्ट असा आवाज झाला. कॅमेऱ्याचे मोबाईल तेव्हा नुकतेच आले होते आणि फोटो काढताना ते वाजायचे, एवढा एक गुण त्यांच्यात होता.

“माझा फोटो काढला तुमी,” पुनम म्हणाली. “पुसून टाका.”

तिला कॉलेजात घालताना बापानं एकच अट घातली होती. चारचौघांत तुझं नाव निघालं की शिक्षण बंद. बी.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं आणि नाव अजून निघालं नव्हतं.

“खिडकीचा काढला, तू मधी आली,” हरीश म्हणाला. “आन तुझा काढला तरी काय तकलीफ हाय? एसटी सरकारी हाय, मोबाईल माझा हाय.”

बोलाचाली ऐकून कंडक्टर धर्मसिंग गर्दीतून वाट काढत आला. माणूस सरळ होता, नियमानं चालणारा होता. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि वर पत्र्यावर रंगवलेल्या सूचना वाचल्या. धूम्रपान करू नये, थुंकू नये, हात बाहेर काढू नये. फोटोविषयी कोणी काही लिहिलेलं नव्हतं.

“कुठं लिवलंय, दाखवा,” हरीश म्हणाला.

नियम सापडला नाही की आपल्याकडे पंच बसतात. धर्मसिंगनं मोबाईल काढून घेतला आणि आधी स्वतः फोटो पाहिला.

“मी एकट्यानं ठरवणं बराबर न्हाई,” तो म्हणाला. “चार मान्सांनी पाहावं आन सांगावं, फोटो खिडकीचा हाय का पोरीचा.” त्यानं मोबाईल मागच्या बाकावर दिला.

“काका, पाहू नका ना,” पुनम म्हणाली. “नुसता पुसा.”

“थांब बाई. तुझ्यासाठीच चालून राहिलं समदं.”

चार माणसांचं काम सगळ्या गाडीनं हाती घेतलं. मोबाईल बाकाबाकावरून फिरू लागला. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याचा चष्मा मागून घेतला. कोणीतरी फोटो मोठा कसा करायचा ते शोधून काढलं, तेव्हापासून मागच्यांना तो मोठाच पाहायला मिळाला. कोणी म्हणालं, पोरीचाच हाय. कोणी म्हणालं, चांगला आला की. कळमनुरीला गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरनंही मागे हात केला. तिथं चढलेल्यांना हकीकत सांगावी लागली, आणि हकीकत सांगितल्यावर फोटो दाखवणं आलंच. कोणाच्या मनात पाप नव्हतं. असतं तर पुनमला भांडता तरी आलं असतं.

शेवटी निकाल लागला. फोटो पोरीचा, चूक पोराची. हरीशला उभं करून सगळ्यांसमोर फोटो पुसायला लावला आणि वर “चुकलं ताई” असंही म्हणायला लावलं. गाडी खूष झाली.

“झालं ना आता मनासारखं?” धर्मसिंगनं विचारलं.

अख्ख्या गाडीत तो फोटो न पाहिलेली एकटी पुनमच होती. तिनं मान हलवली.

गावच्या फाट्यावर ती उतरली. तिच्या मागून गावचेच गोपीचंद उतरले. पुनमचा बाप सोनाजी सायकल धरून तिची वाट पाहत उभा होता.

“सोनाजी, घाबरायचं काम न्हाई,” गोपीचंद म्हणाले. आपण चांगली बातमी देतोय अशीच त्यांची समजूत होती. “एका पोट्ट्यानं पुनमचा फोटो काढला व्हता. समद्या गाडीनं पाहिला, म्याबी पाहिला. काही वंगाळ न्हाई त्यात, ओढणी बराबर हाय. पुसायला लावला आमी.”

“बरं झालं,” सोनाजी म्हणाला.

बापलेक गावाच्या वाटेला लागले. सोनाजी सायकलीवर बसला नाही, ती हातातच धरून चालत राहिला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. निम्मी वाट संपल्यावर त्यानं विचारलं, “तुझा एसटीचा पास कवापतूर हाय?”

“महिनाअखेरपतूर.”

“मंग कोनाला तरी देऊन टाक. तितके दिस वाया काहून घालवायचे.”

पुनमनं पिशवीतून पास काढला.

“दुसऱ्याला चालत न्हाई,” ती म्हणाली. “माझा फोटो हाय त्याच्यावर.”