रोसेंडामावशीचं कार्ड

आमच्या सामार बेटावर पोस्टाचं ओळखपत्र पोस्टमन घरी नेऊन देतो. फोटोशी चेहरा जुळल्याशिवाय मी ते कुणाच्या हातात ठेवत नाही.

दुपारी समुद्राकाठच्या घराचं दार रोसेंडामावशीनं उघडलं. चेहरा जुळला, भुवईवरचा तीळसुद्धा. तिनं सही केली आणि केळीच्या पानात बांधलेला गोड भात माझ्या हातावर ठेवला.

पोस्टात परतलो, तर मावशी बाकावर बसलेली.

"सकाळपासून वाट बघतेय. कुठं हरवलंस माझं कार्ड?"

"हरवतोय कशाला? मघाशी दिलं की तुम्हाला, घरी."

"घरी कोण असणार? एकटा जीव माझा. कुलूप घालून आलेय." तिनं किल्ली दाखवली.

काउंटरवरची लुर्देस म्हणाली, "जागच्या हलल्या नाहीत त्या."

मी पिशवीतून भात काढला. अजून गरम होता. मावशीनं पानाच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"गाठ माझीच आहे," ती म्हणाली.

तिनं किल्ली मुठीत धरली. मग हळूच विचारलं, "आता घरी गेले की कुलूप काढू, की दार वाजवू?"