उठवणारी खुर्ची

"उठा, कुमुदिनीताई," खुर्ची म्हणाली आणि हळूच पुढे कलली. कचेरीतल्या खुर्च्या आता कुणालाच फार वेळ बसू देत नसत.

"उठवत नाही गं बाई. सासूसुद्धा इतकी मागे लागली नव्हती," असं म्हणत ताई उठल्या आणि जिन्यापर्यंत फेरी मारून आल्या.

वर्षभर हेच चाललं. गुडघे धरल्यापासून औदुंबराच्या प्रदक्षिणांचं त्यांचं व्रत स्टुलावर बसून, मनातल्या मनातच व्हायचं, आणि तेच त्यांना खुपायचं.

आज गुरुवारी पुजारीकाकांनी नेहमीचं स्टूल पुढे सरकवलं. ताईंनी पदर खोचला, हात जोडले आणि त्या चालू लागल्या. नेमाच्या साऱ्या प्रदक्षिणा पायांनी झाल्या.

"आता तरी टेका," काका म्हणाले.

"बसवत नाही हो," ताई हसल्या आणि आणखी एका फेरीला निघाल्या. "ही खुर्चीच्या नावाची."